त्रेसष्टचे छत्तीस

दिवाळीच्या सुट्टीच्या आठवडाभर आधी मुलीच्या गणिताच्या वहीतले एक पान पाहून माझे डोके फिरले होते. मुलगी साताऱ्यातील एका मराठी शाळेत दुसरीत आहे. बाईंनी संख्या तोंडी सांगायच्या आणि मुलांनी त्या अंकांत लिहायच्या, असा तो नेहमीचा साधा सराव होता. आठपैकी पाच संख्यांवर लाल फुल्या होत्या आणि एका जागी खोडरबर इतक्या जोराने फिरवले होते की कागदाला भोक पडून पुढच्या पानावरची बेरीज त्यातून दिसत होती. त्रेसष्टला तिने ३६ लिहिले होते, सत्तेचाळीसला ७४, अडुसष्टला ८६, एक्याऐंशीला १८ आणि एकोणतीसला ३९. बरोबर आलेल्या संख्या तीनच होत्या: बावीस, चव्वेचाळीस आणि पंचावन्न.

त्या संध्याकाळी मी जे केले ते बहुतेक घरांत होते तेच होते. बँकेतून दमून आले होते, कुकर लावायचा होता, आणि समोर ते भोक पडलेले पान होते. मी आवाज चढवला, आणि एक ते शंभर तीन वेळा लिहून काढ असे फर्मावून स्वयंपाकघरात निघून गेले. अर्ध्या तासाने तिने तीन पाने आणून दाखवली, अक्षर सुंदर, चूक एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना सहज विचारले, तर त्रेसष्टचे पुन्हा छत्तीसच.

हे कसे झाले असेल याचा उलगडा मला पुढच्या रविवारी झाला, तोही तिच्या शेजारी नुसते बसून राहिल्यामुळे. ती एक ते शंभर लिहीत होती, पण संख्या लिहीत नव्हती. आधी तिने एका उभ्या रांगेत १ पासून ९ पर्यंतचे एकक लिहून घेतले, आणि मग वरपासून खालपर्यंत प्रत्येकाच्या डावीकडे ६ चा अंक लावत गेली. साठीतल्या नऊही संख्या अशा तयार झाल्या आणि त्यांतल्या एकीचेही नाव तिच्या मनात आले नाही. तीन पानांच्या त्या शिक्षेत त्रेसष्ट हा शब्द आणि ६३ हा आकडा यांची एकदाही गाठ पडली नव्हती. शिक्षा मी केली होती आणि तिने ती हुशारीने, कमीत कमी श्रमात भोगली होती.

मग ते पान मी पुन्हा काढले आणि या वेळी फुल्यांकडे न पाहता उत्तरांकडे पाहिले. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र साठीचा सहा आधी येतो. ती कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहीत होती, इतकेच. बावीस, चव्वेचाळीस आणि पंचावन्न बरोबर का आले, हेही आता कळले, कारण या संख्या उलट्या लिहिल्या तरी त्याच राहतात. म्हणजे तिला आठपैकी तीन येत होते असे नव्हते. एकोणतीस सोडून बाकीचे सातही तिला एकाच पद्धतीने येत होते आणि ती पद्धत तिघांच्या बाबतीत नशिबाने उघडी पडली नव्हती. एकोणतीसची गोष्ट निराळी आहे. त्या शब्दात तीस स्पष्ट ऐकू येतात, आणि एकोण म्हटले की शेवटी नऊ असतात हे तिला पाठ होते; तीस आणि नऊ मिळून ३९ होतात, यात तर्काची चूक कुठे आहे? चूक असलीच तर आपल्या संख्यानामांची आहे, कारण एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा हे सहा-सात वर्षांच्या मुलाला कोणी फोडून सांगत नाही. त्यातही एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून मराठी नव्व्याण्णवला तो मोडते. एरवी आपण दोन माणसांचे पटत नसले की छत्तीसचा आकडा म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. माझ्या घरात त्या आठवड्यात त्रेसष्टने तेच काम केले होते.

येथे मला एक कबुली द्यायला हवी. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीससाठी ‘वीस तीन’ आणि सत्तावन्नसाठी ‘पन्नास सात’ असे वाचन आले, तेव्हा राज्यभर जो गदारोळ झाला त्यात मीही हौसेने सामील होते. तेव्हा मुलीचा जन्मही झाला नव्हता, पण मोबाइलवर आलेले विनोद पुढे पाठवण्यासाठी मूल असावे लागत नाही. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर या स्वतः गणितज्ञ होत्या, आणि मराठीतील जोडाक्षरांनी भरलेली, उलट्या क्रमाची संख्यानामे लहान मुलांना जड जातात, हे त्यांचे म्हणणे होते. पुस्तकात जुनी नावेही ठेवलेली होती. नवे वाचन ही त्यांच्या शेजारी दिलेली पायरी होती. हे कोणी नीट वाचले नाही, मीही नाही. आता घरात ‘साठ तीन’ रोज ऐकू येते. तरीही मी त्रेसष्ट सोडायला तयार नाही, कारण मंडईत भाजीवाल्या मावशी पैसे सांगताना साठ तीन म्हणणार नाहीत आणि आजीच्या तोंडच्या हिशेबात तर ते मुळीच येणार नाही. आम्ही दोन्ही ठेवले आहे: मी त्रेसष्ट म्हणते, ती आधी मनाशी ‘साठ तीन’ पुटपुटते आणि मग लिहिते. ते पुटपुटणे हल्ली कमी कमी होत चालले आहे.

पुटपुटण्याला हाताची जोड मिळाली ती काड्यांमुळे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत शंभर मण्यांची गणितमाळ असते, दहा मणी एका रंगाचे आणि पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. आमच्याकडे ती नव्हती म्हणून जुन्या खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडून घेतल्या, दहा-दहांच्या जुड्या केल्या आणि त्यांना केसांचे रबर लावले. मी संख्येचे नाव घ्यायचे, तिने आधी जुड्या आणि मग सुट्या काड्या मांडायच्या आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची, असा आमचा नियम आहे. सहा जुड्या डावीकडे पडल्या की ६ डावीकडेच लिहिला जातो. त्यासाठी मला एकक-दशकाचे व्याख्यान द्यावे लागत नाही. काड्या मांडताना ती एकदा म्हणाली, “आई, एकोणतीसला तिसरी जुडी करायला एकच काडी कमी पडते.” हे वाक्य मी सांगून तिच्या तोंडून यायला किती दिवस लागले असते, कोण जाणे.

वजाबाकीने मात्र घरात खराखुरा तंटा झाला, कारण तिथे तीन पिढ्यांच्या तीन पद्धती समोरासमोर आल्या. उदाहरण होते ४२ वजा १७, आणि मुलीचे उत्तर होते ३५. शाळेच्या बाईंनी मला पूर्वी एकदा सांगितले होते, “उत्तर कसं आलं ते तिला विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.” म्हणून विचारले. ती म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले.” इतके सरळ उत्तर ऐकल्यावर रागवायचे कशावर? मग मी माझी पद्धत दाखवायला गेले. आमच्या शाळेत आम्ही वरच्या दोनाचे बारा करत असू आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या एकाचे दोन. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर पंचवीस. खालचा आकडा का वाढला, असे तिने विचारले तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे मलाही कोणी सांगितले नव्हते आणि इतकी वर्षे मी ते डोळे झाकून करत आले आहे. दोन्ही संख्यांत दहा दहा मिळवले तर फरक तोच राहतो, हे कारण मला दुसऱ्या दिवशी बँकेत चहा पिताना सुचले. तिच्या शाळेत चार दशकांतला एक दशक सुट्टा करतात, तीन दशक आणि बारा एकक उरतात, आणि वजाबाकी तिथूनच सुरू होते. जुडीचे रबर काढले की ते डोळ्यांना दिसते.

सासूबाईंनी या दोन्ही पद्धती ऐकून घेतल्या आणि मान हलवली. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून घडाघडा येतात, कागद मात्र त्या हिशेबाला घेत नाहीत. त्यांनी नातीला दुकानदार केले. “सतराचा गूळ घेतला, बेचाळीस दिले. सतराला तीन घाल, वीस झाले. विसाचे चाळीस करायला वीस. वर दोन. किती दिलेस परत?” मुलीने तीन, वीस आणि दोन अशी नाणी ओट्यावर मोजून ठेवली आणि पंचवीस म्हणाली. त्या दिवसापासून ती वहीत शाळेच्या पद्धतीने सोडवते आणि पडताळा आजीच्या पद्धतीने घेते. माझी पद्धत निवृत्त झाली आहे आणि त्याचे मला फारसे दुःख नाही. घरी मदत करताना आपली लहानपणीची रीत मुलांवर लादली की त्यांना शाळेत एक आणि घरी दुसरे असे दोन मालक होतात, असे माझे आता पक्के मत झाले आहे. शाळेची रीत समजावून घ्यायला मोठ्यांना फार तर एक संध्याकाळ लागते.

वाचनाकडे मी उशिरा लक्ष दिले, कारण ती वाचते आहे असा माझा समज होता. पाठ्यपुस्तकातला धडा बोट फिरवत, ठसक्यात, विरामचिन्हांसह ती वाचून दाखवत असे. एके दिवशी गंमत म्हणून मी चित्रावर हात ठेवला आणि शेवटची ओळ आधी वाच म्हटले. ती गोंधळली, मग तिने पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचून ती मोठ्याने म्हणाली. वर्गात तीस मुले एका सुरात म्हणतात तेव्हा धडा पाठ होणारच, त्यात तिचा दोष नव्हता. पण ते वाचन नव्हते.

ती नेमकी कुठे आहे हे पाहण्यासाठी मी ‘असर’ पाहणीची रीत घरी वापरली. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन ही पाहणी करते, आणि तिचे वाचनाचे साधन एका कागदावर मावते: सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत सहज जाते ती त्याची पायरी; त्यात गुण नाहीत आणि पास-नापासही नाही. मी मासिकातून तिने कधीही न पाहिलेला मजकूर निवडला आणि मोठ्या अक्षरांत लिहून काढला. अक्षरे आणि शब्द आले, परिच्छेदात ती जोडाक्षरांपाशी अडखळली आणि गोष्टीपर्यंत पोहोचलीच नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचावे आणि साधे गणित करावे, असे आहे. तेव्हा आमच्या हातात अजून दीड वर्ष होते आणि धावपळीचे कारण नव्हते. पण इतके दिवस मी तिला जो धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावत होते, त्याचा उपयोग शून्य होता.

मधल्या काळात गल्लीतल्या एका शिकवणीला तिला दोन महिने घातले होते, त्याबद्दल फार लिहीत नाही. तिथे वह्या भरत होत्या. प्रत्येक शब्द दहा वेळा, सुवाच्य अक्षरात, तारखेसह. पालकांना दाखवायला भरलेली वही चांगली दिसते आणि आम्ही पैसे मोजतो ते बहुधा तेवढ्यासाठीच मोजतो.

लिपीच्या अडचणी शेजारी बसून ऐकल्याशिवाय कळत नाहीत. ‘चहा’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, ‘जेवण’मधला ज आणि ‘जागा’मधला ज वेगळा, पण चिन्ह एकच, नवे शब्द वाचताना ती आधी दोन्ही उच्चार करून पाहते आणि जो ओळखीचा वाटेल तो ठेवते, हे मी कितीतरी दिवस अडखळणे समजत होते. ल ची गोष्ट तर माझ्या डोक्यातही आली नसती. पुस्तकातला मराठी ल तिला येत होता, पण मोबाइलवर आजोबांनी पाठवलेला निरोप वाचताना ती ‘मुलगी’ या शब्दापाशी थांबली, कारण तिथे उजवीकडे उभा दांडा असलेला हिंदी वळणाचा ल होता आणि तिच्या दृष्टीने ते न शिकवलेले अक्षर होते. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात ल आणि श यांची मराठी वळणे प्रमाण म्हणून ठरवून दिली आहेत, पण ती आपल्या सगळ्यांच्या मोबाइलपर्यंत काही पोहोचलेली नाहीत. आकड्यांचेही तसेच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मराठी आकडे, घड्याळात आणि रिमोटवर इंग्रजी. मराठी १ पाहून इंग्रजी नऊ आणि मराठी ५ पाहून इंग्रजी चार वाचले गेले तर मुलाला वेंधळे ठरवण्यापूर्वी आपण एकदा भिंतीकडे पाहावे.

वाचायला काय द्यायचे, याचे उत्तर आम्हाला बसस्थानकावर सापडले. दर शनिवारी माहेरी जाताना एसटीची वाट पाहायची असते, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी ती वाचेपर्यंत गाडी थांबलेली असते किंवा निघून तरी जाते. कोरेगाव, वाई, मेढा, कराड हे शब्द पहिल्याच महिन्यात झाले. ‘स्वारगेट’ला स्वा अडला. ‘विनाथांबा’ वाचल्यावर तिने अर्थ विचारला आणि अर्थ कळल्यावर, मग ही गाडी इथे का थांबली, असे विचारले. पाठ्यपुस्तकातल्या शब्दाला ती असा प्रश्न विचारत नाही. ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’ ही आमच्या पेठेतली पाटी ती तीन शनिवार तुकड्यातुकड्याने वाचत होती आणि ‘व्यापारी’ सुटला त्या दिवशी भुसार म्हणजे काय हे दुकानात शिरून विचारून आली. ज्वारी, बाजरी, गहू यांना एवढे एक नाव आहे याचे तिला फार नवल वाटले.

घरच्या अभ्यासाला आता वीस मिनिटे ठरलेली आहेत, संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यानंतर, ओट्याजवळच्या पाटावर. त्यातली दहा मिनिटे काड्या किंवा नाणी आणि दहा मिनिटे वाचन. वाचनात एक परिच्छेद ती वाचते, पुढचा मी वाचते, आणि कंटाळा आला तर सगळेच मी वाचते. वीस मिनिटे झाली की उदाहरण अर्धे असले तरी थांबायचे, हे पाळणे मलाच जड जाते. खोडरबर पाटावर आणायचे नाही, चुकले तर त्यावर एक रेघ मारून शेजारी लिहायचे, हा नियम त्या भोक पडलेल्या पानामुळे केला. खोडलेली चूक दिसेनाशी होते आणि मग ती का झाली हे विचारायला जागाच उरत नाही.

सध्या आम्ही रफाराशी झुंजतो आहोत. ‘पर्वत’ लिहिताना ती रफार प च्या डोक्यावर देते, ‘सूर्य’ लिहिताना सू च्या. कारण विचारले तेव्हा तिने तोंडाने हळूहळू म्हणून दाखवले: प, मग र, मग व. र हा प च्या पाठोपाठ येतो, म्हणून तो प वर. मी सांगितले की तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. त्यावर ती म्हणाली की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि नंतर म्हणतात, रफार आधी म्हणतात आणि नंतर काढतात, तर हे कोणी ठरवले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांतला र वेगवेगळा का, हा प्रश्नही तिने त्याच दमात विचारून ठेवला आहे. दोन्हींसाठी मी रविवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे.